दुखणं अंगाचं, बिल महिन्याचं : ज्येष्ठांच्या पत्रांना उत्तरं

सांधे, कंबर आणि मणक्याच्या दुखण्यावर साठीपुढच्या वाचकांकडून पत्रं मागवली होती. आलेल्या पत्रांत दुखण्याची तक्रार जेवढी, तेवढीच खर्चाची. ऑपरेशनसाठी बहुतेकांनी पैसे बाजूला ठेवलेत, पण दर महिन्याला मेडिकलच्या दुकानात जे जातात त्यांचा हिशेब फारच थोड्यांनी मांडलाय. आणि बरेचदा त्याच पैशाने अंगाला काडीचा उतार पडत नाही. निवडक पत्रं थोडक्यात देत आहोत. उत्तरं वाचून आपल्या मनाने गोळी बंद किंवा सुरू करू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांपुढे बसा आणि विचारा.

प्रश्न : वय ६८. दोन्ही गुडघे तीन वर्षांपासून दुखतात. पेन्शनमधले साडेचार हजार दरमहा गुडघ्यांवर जातात. वेदनाशामक गोळी दोन वेळा (४२० रु.), ॲसिडिटीची गोळी (३००), कॅल्शियम (२५०), ग्लुकोसामाइन (९५०), नसांची कॅप्सूल (५५०), जेलच्या दोन ट्यूब (२८०) आणि मशीनच्या शेकाच्या सात बैठका (प्रत्येकी २५०). बीपीची गोळी वेगळी. कुणी तब्येत विचारली की 'काही खरं नाही' एवढंच तोंडातून निघतं. चिठ्ठीची प्रत जोडली आहे. यातलं काय कमी करता येईल?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, खर्चाआधी एका गोष्टीकडे लक्ष द्या, कारण ती थांबण्यासारखी नाही. तुमच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन औषधं आहेत. वेदनाशामक गोळीत ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आहे. टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध, लघवी वाढवणारं औषध आणि ॲसिक्लोफेनॅकच्या जातीचं वेदनाशामक ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. जुलाब, उलट्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं की मूत्रपिंडं एकाएकी बसू शकतात. तुम्ही ही गोळी तीन वर्षं रोज घेताय. क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा आकडा) आणि पोटॅशियम या तपासण्या याच आठवड्यात करा आणि अहवाल बीपीच्या डॉक्टरांना दाखवा. खर्च काही शे रुपयांचा. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे आणि बीपीचे वेगळे असले की ही तीन औषधं एकत्र आल्याचं कुणाच्याच नजरेला पडत नाही.

याच वेदनाशामकाने बीपी वाढतं, पायांवर सूज येते. मग बीपीच्या गोळीचा डोस वाढतो. पोटात जळजळ होते म्हणून ॲसिडिटीची गोळी लागते. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची गोळी 'फार दुखेल त्या दिवशीच' अशी करता आली, तर मागोमाग आणखी एखादी सुटण्याची शक्यता आहे. मधल्या काळात साधं पॅरासिटामॉल चालतं, फक्त बेरीज करा. ज्येष्ठांनी दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहावं. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली, आणि ती डॉक्टर ठरवतील. सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत, तुमच्या आत्ताच्या वेदनाशामक गोळीतही पॅरासिटामॉल असतंच. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं भिंगाने का होईना, वाचा.

जेल ही तुमच्या यादीतली सर्वांत दुर्लक्षित आणि गुडघ्यासाठी खरोखर कामाची वस्तू. डायक्लोफेनॅकचं जेल त्वचेतून रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे पोटाला आणि मूत्रपिंडाला त्याचा धोका गोळीपेक्षा कितीतरी कमी. पण ते पुरेसं लावलं जात नाही. बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढं घेऊन लावणं म्हणजे न लावण्यासारखंच. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा, असं सलग दोन आठवडे लावून बघावं लागतं. ३ ग्रॅम तीन वेळा धरलं तर ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला जेमतेम सव्वातीन दिवस पुरते. तुमच्या दोन ट्यूब दोन गुडघ्यांना महिनाभर पुरतात, म्हणजे गुण यावा एवढं जेल लागतच नाहीये. जनऔषधी केंद्रात डायक्लोफेनॅक जेल मिळतं का ते बघा, मोठी ट्यूब घ्या आणि नुसतं डायक्लोफेनॅक असलेलंच मागा. थंडगार वाटावं म्हणून त्यात आणखी पाच गोष्टी घातलेल्या ट्यूबला जादा पैसे मोजू नका. लावल्यावर वरून गरम शेक घेऊ नका. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर जेलबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा.

ग्लुकोसामाइन बंद करण्याबद्दल आम्हाला फारशी शंका नाही. मोठ्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलेलं नाही. वर्षाला ११,४०० रुपये त्यावर घालण्याचं कारण दिसत नाही. नसांच्या कॅप्सूलमध्ये प्रीगॅबालिन आहे. मधुमेहाने पायांची आग होत असेल, मुंग्या येत असतील तर त्याचा उपयोग होतो. झिजलेल्या गुडघ्याला होत नाही. उलट गरगरतं, तोल जातो, आणि या वयात एक पडणं केवढ्याला पडतं ते सांगायला नको. मात्र ती एकदम बंद करू नका. निदान आठवडाभरात, डॉक्टर सांगतील तसा डोस उतरवत न्यावा लागतो. कॅल्शियम गरजेपुरतं ठीक. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

आता मशीनचा शेक. १,७५० रुपयांत घटकाभर बरं वाटतं आणि घरी येईपर्यंत ते ओसरतं, कारण मांडीचा स्नायू होता तेवढाच राहतो. त्याच फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन बैठका 'मला व्यायाम शिकवा' म्हणून घ्या. बाकीचं घरी होतं. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, गुडघ्यावरचा स्नायू आवळून पाच सेकंद धरायचा, सावकाश खाली. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा व्यायाम, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला पाचच वेळा, खुर्ची भिंतीला लावून. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर संख्या निम्मी करा, बंद नका करू. बहुतेकजण दहा दिवसांत सोडतात आणि 'व्यायामाने काही होत नाही' म्हणतात. स्नायूला ताकद यायला सहा ते आठ आठवडे लागतात. वजन जास्त असेल तर उतरलेला प्रत्येक किलो चालताना गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी करतो.

गुण येतोय का हे 'कसं वाटतंय' यावर सोडू नका. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीत हात छातीवर घडी करून बसा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. तुमच्या वयाच्या स्त्रीला ११ किंवा जास्त यायला हवेत. आकडा आजच्या तारखेसह लिहून ठेवा, आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. शेक आणि ग्लुकोसामाइन या दोन ओळींतच तुमचे २,७०० रुपये आहेत. त्यातून घरी कमोडची खुर्ची आणि बाथरूममध्ये पकडायला दांडा आला तर गुडघ्यांवर ते जास्त उपकार होतील.

प्रश्न : गुडघा उजवा दुखतो. काठी कुठल्या हातात धरायची? घरातले म्हणतात उजव्या.
— एक वाचक, अकोला

उत्तर : डाव्या. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि काठी दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची. रोजची चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेघेशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला. दुकानात ते सुटं मिळतं आणि स्वस्त असतं.

प्रश्न : आईचं वय ७२. गुडघा बदलायला सांगितलंय. वय वंदना कार्ड काढलं आहे. रुग्णालय म्हणतं, 'कार्डावर साधा गुडघा बसतो, सोनेरी हवा असेल तर वरचे पैसे भरा.' मेडिक्लेम नाही. काय करावं?
— मुलगा, डोंबिवली

उत्तर : ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आयुष्मान भारत योजना ७० आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, खुली झाली. वय वंदना कार्ड त्याचंच. मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख. घरात आई आणि वडील दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून. तुमचं कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी हे ५ लाख वेगळे. शिवाय १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं छत्रही ५ लाखांपर्यंत वाढलं आहे आणि त्याला रेशन कार्डाच्या रंगाची अट उरलेली नाही.

दोन्ही योजना पॅकेजवर चालतात. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये इम्प्लांट, भूल, खाट, औषधं, जेवण सगळं धरलेलं असतं, आणि पॅकेजमधल्या गोष्टीसाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. वरचे पैसे मागितले तर प्रथम रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. तो योजनेचा माणूस, आवारातच टेबल टाकून बसलेला असतो. तिथे जमलं नाही तर आयुष्मानसाठी १४५५५ आणि राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ या क्रमांकांवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे भरून नंतर परत मागू, या भरवशावर राहू नका. या योजना कॅशलेस आहेत, बाहेर केलेल्या खर्चाची भरपाई त्यांच्यात होत नाही.

दाखल होण्याआधी तीन गोष्टी तपासा. रुग्णालय नुसतं योजनेत असून भागत नाही, ते अस्थिरोगासाठी आणि सांधा बदलण्याच्या पॅकेजसाठी अंगीकृत आहे का ते आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्या. दुसरं, पूर्वमंजुरी आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख पक्की समजू नका. त्यासाठी उभं राहून काढलेला दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे लागतो. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट प्रत्यक्षापेक्षा रुंद दिसते आणि मंजुरी अडकते. तिसरं, आधार. वय आधारवरूनच धरलं जातं. तिथे जन्मतारीख चुकली असेल तर दुरुस्ती आधी. बोटांचे ठसे उमटत नसतील, जे या वयात नेहमीचं आहे, तर चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून पडताळणी होते.

आता सोनेरी गुडघा. तो रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या मुलाम्याचा असतो. धातूची ॲलर्जी सिद्ध असलेल्या रुग्णासाठी त्याला काही अर्थ आहे. 'तीस वर्षं टिकतो' या दाव्याला मात्र साध्या गुडघ्यापेक्षा भक्कम आधार नाही. वेगवेगळ्या देशांच्या नोंदींनुसार पूर्ण बदललेले शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षांनीही शाबूत असतात. ७२ व्या वर्षी साधा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा पुरेसा आहे. त्याच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जाणारा संच तेव्हा ५४,७२० रुपये अधिक करावर आला, पुढे त्यात थोडेफार बदल झाले. खिशातून पैसे भरून करणार असाल तर बिलात मांडीकडचा भाग, नडगीकडचा भाग आणि मधली प्लास्टिकची चकती वेगवेगळी, कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांकासह मागा. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पुढे कधी गुडघा पुन्हा उघडायची वेळ आली तर डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

कार्डावर दाखल होण्याआधीचे ३ आणि घरी गेल्यावरचे १५ दिवस धरलेले आहेत. त्या पंधरा दिवसांची औषधं मागून घ्या. त्यापुढचा खर्च तुमचा : फिजिओथेरपीचे निदान सहा आठवडे, वॉकर, उंच कमोड, रिक्षा-टॅक्सी, आणि घरातलं कुणी रजा घेणार नसेल तर मदतनीस. पैसे यासाठी राखा. ऑपरेशन उत्तम झालं आणि व्यायाम झाला नाही म्हणून गुडघा ९० अंशांतही वाकत नाही, असं पुष्कळदा दिसतं.

एक मात्र आईंना आधीच सांगा. शंभरातल्या दहा-वीस जणांना ऑपरेशननंतरही बऱ्यापैकी दुखत राहतं. म्हणून रात्रीची झोप मोडते का, घरातल्या घरात चालणं अवघड झालंय का, व्यायाम आणि जेल मनापासून करून झालंय का, हे विचारूनच ठरवा. नुसता एक्स-रे वाईट दिसतो, एवढं कारण पुरेसं नाही.

प्रश्न : सासऱ्यांचं वय ७४. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी येईल त्याला 'माझी तब्येत पार गेली' म्हणून सांगतात. पाठ, खांदे, पाय, रोज काहीतरी दुखतं. यंदा दोनदा फुल बॉडी चेकअप केलं, ४,००० आणि ६,५०० रुपयांचं. हे मनाचंच असेल का?
— सून, नाशिक

उत्तर : 'मनाचं आहे' म्हणून सोडून देऊ नका, आणि तिसरं चेकअपही करू नका. 'एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?' हा एका ओळीचा प्रश्न जगभरच्या आरोग्य पाहण्यांत विचारला जातो. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची जी मोठी पाहणी केली, तिच्यातही तो होता. १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. वय, आजार, तपासण्यांचे आकडे हे सगळं हिशेबात धरूनही, तब्येत 'वाईट' म्हणणाऱ्यांत पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत जास्त निघालं. माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल जे कळतं ते प्रयोगशाळेच्या कागदावर सगळंच उतरत नाही. दुखणं तर रक्ताच्या नळीत मोजताच येत नाही.

तेव्हा आधी ते नीट मोजा. रोज नव्हे, आठवड्यातून एकदा, शांतपणे तीन प्रश्न विचारा, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. गेल्या आठवड्यात सरासरी दुखणं किती? दुखण्याने जगण्याची मजा किती गेली? आणि रोजच्या कामात, फिरण्यात किती अडथळा आला? तिन्हींची सरासरी काढून वहीत लिहा. चार आठवड्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. 'सगळीकडे दुखतं' या वाक्याने डॉक्टरांना काही करता येत नाही. 'अडथळा आठ, गेलेली मजा नऊ, दुखणं पाच' या आकड्यांनी येतं. आकडे असे, म्हणजे दुखण्यापेक्षा बाकीचे दोन मोठे, आले तर गोळी वाढवण्याआधी झोप, एकटेपणा आणि उदासी यांकडे बघायला हवं. पूर्वी आवडायच्या गोष्टींत दोन आठवड्यांपासून रस वाटत नाही का, मन खिन्न असतं का, हे दोन प्रश्नही विचारा. उत्तर हो असेल तर तो उपचाराचा विषय आहे, आणि त्याने दुखणंही उतरतं. ऐकू कमी येणं आणि रात्री चारदा लघवीला उठणं, यांनीही माणूस तब्येत 'गेली' म्हणतो. दोन्हींवर उपाय आहेत.

चेकअपच्या पॅकेजांबद्दल. आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) काही निरोगी म्हाताऱ्यांतही पॉझिटिव्ह येतो. युरिक ॲसिड थोडं वाढलेलं असणं म्हणजे वातरक्त (गाउट) नव्हे. ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या रक्ततपासण्या, लक्षणांशिवाय करू नयेत. एकदा आकडा लाल रंगात छापून आला की पुढच्या तपासण्यांची रांग लागते आणि घाबरलेला माणूस आणखी आजारी वाटून घेतो. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, लघवी, झोपून आणि उभं राहून घेतलेलं बीपी, डोळे आणि कान एवढं बहुतेकांना पुरतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील किंवा पूर्ण शाकाहारी असतील आणि पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ जरूर बघा. ड जीवनसत्त्व कमी निघालं तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल देतात. ती सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. 'रोज एक' असा समज करून महिनाभर घेणारे लोक आहेत. रक्तातलं कॅल्शियम वाढून त्यांना मळमळ, बद्धकोष्ठ, भ्रम होतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो.

आणि दर वेळी नवा डॉक्टर नको. नवा डॉक्टर नव्याने तपासण्या लिहितो, कारण जुनी फाइल घरी कपाटात असते. एक प्लास्टिकची फाइल करा, पहिल्याच पानावर चालू औषधांची यादी तारखेसह. जाल तिथे न्या.

प्रश्न : वय ६३, शेती. दीड महिना कंबर धरली आहे, कळ मांडीपर्यंत जाते. एमआरआय केला (७,००० रु.), त्यात एल-४ एल-५ ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकली आहे. एका ठिकाणी ऑपरेशन, दुसरीकडे ३०,००० चं इंजेक्शन सांगितलं.
— शेतकरी, संगमेश्वर

उत्तर : अहवालातल्या त्या ओळीला घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तेव्हा ऐंशीच्या वयात ८४ टक्के जणांची गादी फुगलेली निघाली, वीस वर्षांच्या पोरांत ३० टक्के. अहवालापेक्षा पाय काय सांगतात ते बघा.

पायाचा पंजा वर उचलता येत नाही, जांघेत-बैठकीत बधिरता आहे, लघवी अडते किंवा नकळत होते : यातलं काहीही असेल तर आजच मोठ्या रुग्णालयात जा. ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिल्यावर वाढणारं दुखणं, किंवा घागर-बादली उचलताना अचानक उठलेली कळ असेल तर तपासणी लवकर व्हायला हवी. शेवटच्या प्रकारात मणका दबलेला असू शकतो, आणि साध्या एक्स-रेवरही तो बहुधा कळतो.

यातलं काही नसेल तर पायात उतरणारी कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत कमी होते. अंथरुणाला खिळून राहू नका, फार तर एक-दोन दिवस. पट्टा एसटीच्या प्रवासात किंवा कामाच्या तासापुरता बांधा, दिवसभर नाही, नाहीतर कंबरेचे स्नायू ढिले पडतात. इंजेक्शनने पायाची कळ काही आठवडे हलकी होऊ शकते, नुसत्या कंबरदुखीला त्याचा फारसा उपयोग नाही. ताकद कमी होत चालली असेल किंवा तीन महिन्यांनीही पायाची कळ तशीच असेल, तर ऑपरेशनचा विचार योग्य. पाच मिनिटं चालल्यावर पाय जड होतात आणि वाकून बसल्यावरच मोकळे होतात, असं असेल तर मणक्याचा मार्ग अरुंद झालेला असू शकतो. नुसतं उभं राहूनही कळ थांबत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या. तो आजार वेगळा, डॉक्टरही वेगळा.

प्रश्न : वय ६६, तीन लाखांचा मेडिक्लेम. ऑपरेशनचं बिल २,४०,००० झालं, कंपनीने ६०,००० कापले. 'रूम रेंट' म्हणाले. शिवाय हप्ताही वाढवलाय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पॉलिसीत खोलीभाडं विम्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली. मग कंपनी नुसतं भाडंच नाही, तर खोलीच्या दर्जाशी जोडलेलं सगळं, म्हणजे डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे त्याच प्रमाणात निम्मं करते. तुमच्या बिलात चार दिवसांचं भाडं २४,००० आणि जोडलेले खर्च ९६,०००, दोन्ही निम्मे झाले, म्हणून ६०,००० गेले. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या मिळून १,२०,००० होते, त्यांना ही कात्री लावता येत नाही, आणि इथे लावलेली नाही. म्हणजे कपात नियमात आहे. पुढच्या नूतनीकरणाला भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी मागा, किंवा दाखल होताना मर्यादेतली खोली लेखी मागून घ्या.

हप्त्याबद्दल : जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाशी आधी चर्चा करावी लागते. तुमची वाढ किती टक्के ते काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही शून्य झालाय, पावतीत तो दिसता कामा नये. कंपनीने ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

नव्याने पॉलिसी घेणाऱ्यांसाठी एवढंच : जुना गुडघा लपवू नका. आधीच्या आजाराची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, ती संपली की दावा मिळतो. लपवलेलं मात्र जुन्या चिठ्ठीवरून सापडतं. विमाच नसलेल्या साठीपुढच्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत ५०,००० पर्यंत वजावट आहे, पण पैसे रोख दिलेले चालत नाहीत. मेडिकलमध्ये यूपीआयने द्या आणि रुग्णाच्या नावाची पावती मागा.

प्रश्न : गावात एकजण सांधेदुखीची पुडी देतो. दहा दिवसांची ३०० रुपयांना. दोन दिवसांत चालायला लागलो. घ्यावी का?
— एक वाचक, बीड

उत्तर : नाव, घटक, परवाना क्रमांक नसलेली पुडी दोन दिवसांत गुण देते, तेव्हा तीत स्टेरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेलं असण्याचा संशय धरावाच. चेहरा गोल होणं, कातडी पातळ होऊन निळे-जांभळे डाग उठणं, साखर आणि बीपी चढणं, भूक सुटणं या खुणा बघा. पुढे हाडं ठिसूळ होतात. ३०० रुपयांची पुडी मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनपर्यंत नेऊ शकते.

थोडे दिवस घेतली असेल तर थांबवा आणि साखर, बीपी, क्रिएटिनिन तपासून घ्या. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, आणि पुडी अचानक तोडली की गळून जाणं, उलट्या, बीपी कोसळणं असं होऊ शकतं. उरलेल्या पुड्या सोबत घेऊन सरकारी रुग्णालयातल्या फिजिशियनकडे जा आणि किती दिवस, दिवसाला किती घेतल्या ते सांगा. एक बंद पुडी वेगळी ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करायची झाली तर तपासणीला तीच लागते.